चष्मा काढायचा की तालीम सोडायची?

आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत कराटेचे, लाठीकाठीचे, मुलींच्या स्वसंरक्षणाचे वर्ग वाढले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. जयंतीच्या आधी महिनाभर तर विहाराच्या अंगणातून काठ्यांचा आवाज हमखास ऐकू येतो. या वर्गांत दोन वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की आता त्यावर लिहायलाच हवे. पहिले वाक्य, "चष्मा काढून बाजूला ठेव आणि रांगेत ये." दुसरे वाक्य, "तुला चष्मा आहे ना? मग हे तुझं काम नाही, तू अभ्यास कर." पहिले शिकवणारे बोलतात, दुसरे घरचे बोलतात. दोघेही काळजीपोटीच बोलतात. आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. चष्मा असलेले मूल महिन्या-दोन महिन्यांत वर्गातून गायब होते.

अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती हे सगळे सोडून हा चष्म्याचा विषय कुठून काढला, असे विचारणारे विचारतील. विचारू द्या. ज्या समाजात पहिल्यांदा शाळेत गेलेली माणसे अजून हयात आहेत, त्या समाजातल्या मुलांना चष्मा किंवा काठी यांतले एकच निवडा असे सांगितले जात असेल, तर हा विचार आपल्यात कुठून शिरला हे तपासावेच लागेल.

आम्ही मुरूड तालुक्यात आगरदांड्याला असतो. राजपुरीच्या खाडीच्या या काठाला आगरदांडा, पलीकडे दिघी, मध्ये गाड्या आणि माणसे वाहणारी फेरीबोट. जंजिरा पाहून श्रीवर्धनकडे निघालेले पर्यटक आमच्या धक्क्यावरून जातात, गाव बघत नाहीत. त्याची तक्रार नाही. समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे आणि आरोग्याचे काम करतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी विहाराच्या अंगणात कराटे आणि लाठी शिकवतो. बौद्ध मुले येतात, कोळ्यांची येतात, मुसलमानांची येतात. आम्हाला स्वतःला सातवीत चष्मा लागला. आज नंबर मायनस साडेचार आहे. तालीम विशीत, मुंबईत शिकत असताना सुरू केली, आणि तेव्हापासून चष्म्याशी आमची झटापट चालू आहे. घामाने तो नाकावरून घसरतो, श्वासाने धुरकट होतो, आणि इथे खाऱ्या वाऱ्याने काचेवर जो बारीक थर बसतो तो कोरड्या सदऱ्याने पुसला की ओरखडे पडतात. (आधी पाण्याने धुवावा, मग पुसावा. चष्मा विकणारे एवढे सोडून बाकी सगळे सांगतात.) त्यामुळे पुढे जे लिहितो आहोत ते नुसते वाचून नाही.

आधी नंबर म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण शिकवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असते. दूरचे न दिसणाऱ्याचा, म्हणजे मायनस नंबरवाल्याचा हिशेब सोपा आहे. एकाला नंबराने भागायचे. उत्तर येईल तितक्या मीटरपर्यंत त्याला चष्म्याविना स्पष्ट दिसते. मायनस एक असेल तर एक मीटर. मायनस दोन असेल तर अर्धा मीटर. मायनस चार असेल तर २५ सेंटीमीटर. आमच्या मायनस साडेचारला जेमतेम २२ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत. वितीपलीकडचे सगळे जग आम्हाला चष्म्याविना पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. कुमितेत समोरचा दीड-दोन मीटरवर उभा असतो. लाठीत त्याहून लांब. मग मायनस एकवाल्या मुलाला चष्मा काढून कुमितेला उभे करणे आणि मायनस चारवाल्याला उभे करणे या एकच गोष्टी आहेत का? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक वर्गांत त्या एकच धरल्या जातात.

धूसर दिसते म्हणजे काहीच दिसत नाही असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. समोरच्या माणसाचा आकार दिसतो, तो पुढे आला की मागे गेला हे कळते, पाय उचलला की मोठी हालचाल म्हणून जाणवते. दिसत नाही ते बारीक. मूठ वळली आहे की पंजा उघडा आहे, नजर कुठे आहे, खांदा किंचित मागे गेला का, काठीचे टोक नेमके कुठवर आले आहे. हल्ला सुरू व्हायच्या आधीची खूण ही अशी बारीकच असते. ती चुकली की मूल हल्ला अर्ध्यावर आल्यावर हालते. बघणाऱ्याला वाटते, याचे हात मंद आहेत किंवा हे घाबरते आहे.

हे शब्दांनी पटत नाही. म्हणून आम्ही आमच्या इथल्या तरुण प्रशिक्षकांवर एक प्रयोग करतो. कुणाच्या तरी आजीचा चाळिशीचा चष्मा आणायचा, प्लस अडीच-तीन नंबरचा, आणि तो ज्याची नजर धडधाकट आहे त्याच्या डोळ्यांवर चढवायचा. प्लस तीनची काच लावली की निरोगी तरुण डोळ्याचे लांबचे दिसणे साधारण मायनस तीनवाल्यासारखे होते. मग त्याला म्हणायचे, आता कर ब्लॉक. समोर स्पंजचे हातमोजे घातलेली सातवीतली पोर उभी करायची. काळा पट्टा असलेला एक दादा सलग चार ठोसे छातीवर खाऊन म्हणाला, "हे काय, मला हात दिसतच नाहीत ओ." पोरे हसून लोळली. त्या दिवसापासून त्याने कुणाला विचार न करता चष्मा काढायला सांगितलेले नाही. ज्यांच्या हातात वर्ग आहेत त्यांनी हा प्रयोग एकदा करावा. खर्च शून्य आहे, फक्त आजीचा चष्मा तिला धड परत करायचा.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. आठवीतली एक मुलगी, नाव इथे नको. तालुक्याच्या ठिकाणी एका वर्गाला जायची. नंबर मायनस साडेतीन. वर्गात शिरताना चष्मा काढून पिशवीत ठेवायचा असा तिथला नियम होता, तालीम कसलीही असो. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची तालीमसुद्धा, ती धूसर नजरेने शेजारणीकडे बघत करायची, कारण समोर शिकवणाऱ्यांचे पाय तिला दिसत नव्हते. हालचाल अर्धा क्षण उशिरा व्हायची. तिला मागच्या रांगेत पाठवले. मागच्या रांगेतून आणखी कमी दिसते, हे सांगायला नकोच. जोडीच्या सरावात नाकावर एकदा लागले, नंतर ती अंग चोरू लागली. मग वर्गात ठरले की ही भित्री आहे. चार महिन्यांनी तिने जाणे सोडले. तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा तिने फीविषयी किंवा त्या वर्गाविषयी शब्द काढला नाही. ती एवढेच म्हणाली, "दादा, माझी पोरगी भित्री नाय ओ. घरात जनावर निघालं तर काठी तीच घेते."

समाजशास्त्र शिकताना आम्ही लेबलिंगविषयी परीक्षेपुरते वाचले होते. एखाद्याला शिक्का मारला की लोक त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ त्या शिक्क्यानुसार लावतात, आणि हळूहळू तो माणूसही तसाच वागू लागतो. या मुलीच्या बाबतीत ते चार महिन्यांत घडले. कारण काय, तर काचेचे दोन तुकडे. आणि आपल्या मुलांवर शिक्के मारायला समाज आधीच टपलेला असतो. मुलगी असेल तर आणखी एक भानगड असते. स्थळ बघताना चष्मा नको, ही अट आपल्याही घरांत आली आहे. त्यामुळे मुली शाळेतच चष्मा लपवायला शिकतात. फळ्यावरचे दिसत नसले तरी चालते, पण चष्मा दिसता कामा नये. अशा मुलीला तालमीतही आपण तेच सांगणार असू, तर आपण तिला स्वसंरक्षण शिकवतो आहोत की आणखी एक ठिकाण दाखवतो आहोत जिथे चष्मा लपवायचा असतो?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमची मुले लाठीची प्रात्यक्षिके करणार होती. रांगा लावताना एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्याविषयी आम्हाला फार आदर आहे, म्हणाले, "पुढच्या रांगेत चष्मेवाली पोरं नकोत. शोभत नाय. सैनिक वाटले पाहिजेत." आम्ही म्हटले, "काका, जरा वर बॅनरवर बघा." बॅनरवर बाबासाहेब होते, निळा कोट आणि गोल चष्मा. काका क्षणभर गप्प झाले आणि मग मोठ्याने हसले. चष्मेवाली पोरे पुढच्याच रांगेत राहिली.

काकांना हसू आले, पण त्यांचे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या मनात दोन चित्रे वेगवेगळ्या भिंतींवर लावलेली आहेत. एका भिंतीवर चष्मा, पुस्तक आणि संविधान. दुसऱ्या भिंतीवर भीमा कोरेगावचा शिपाई. चष्मेवाला मुलगा पहिल्या भिंतीखाली बसवायचा, तगडा दुसऱ्या भिंतीखाली. ही वाटणी आपली नाही. डोके एका वर्णाकडे आणि दंड दुसऱ्याकडे, ही चातुर्वर्ण्याची कल्पना आहे. आपल्या वाट्याला तर दोन्हींपैकी काहीच ठेवले नव्हते. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, १९३६ साली, बाबासाहेबांनी नेमके हेच मांडले आहे की शस्त्र नाही, शिक्षण नाही आणि राजकीय अधिकारही नाही, अशा अवस्थेत ठेवल्यामुळे खालच्या थरांना उठाव करता आला नाही. तिन्ही एकत्र काढून घेतले गेले. मग परत मिळवताना आपण एकेका पोराला एकेक वाटून का देतो आहोत?

आपला स्वतःचा इतिहास बघितला तर ही दोन चित्रे एकाच भिंतीवर होती. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. त्याच माणसाने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतही होते आणि फौजेच्या शाळेत मुख्याध्यापकही होते. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. आपल्या लोकांपर्यंत पुस्तक आणि कवायत एकाच छावणीतून पोहोचली. म्हणून तर १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा नोकरीबरोबर शाळेचा रस्ताही अरुंद झाला, आणि महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर शिपायाने त्याविरुद्ध लेखणी उचलली. आमच्या याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतलेल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. जमलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी जण होते, उलटून मारणे त्यांना अशक्य नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. हात कधी उचलायचा नाही हे कळायलाही तालीमच लागते. (इथे कुणीतरी सम्यक दृष्टीवर घसरेल. तिचा मान आहेच, पण आज आपण साध्या, सहा मीटरवरच्या दृष्टीविषयी बोलतो आहोत.)

तर सहा मीटर. डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवर लावतात, आणि ६/६ म्हणजे निरोगी डोळ्याने सहा मीटरवरून जे वाचता यावे ते वाचता आले. आमच्या वर्गात नवे मूल आले की पहिल्या दिवशी उठाबशा नाहीत. अंगणात सहा मीटर मोजून रेघ मारलेली आहे, विहाराच्या भिंतीवर तक्ता आहे, एक डोळा तळहाताने झाकून वाचायचे. हे डॉक्टरी निदान नव्हे, फक्त संशय घेण्याची सोय आहे. पण यातूनच अशी मुले सापडली ज्यांना नंबर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हते. 'आळशी आहे, फळ्यावरचं लिहून घेत नाही' एवढेच माहीत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात नजरही येते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७६ पासूनचा आहे आणि त्यात गरीब शालेय मुलांना मोफत चष्मा मिळण्याची तरतूद आहे. पथक शाळेत येते त्या दिवशी आपले मूल गैरहजर असेल तर ते सुटते. कार्यकर्त्यांनी ती तारीख मुख्याध्यापकांकडून विचारून वस्तीत सांगावी. एवढे एक काम केले तरी पुष्कळ झाले.

पोलीस आणि निमलष्करी भरतीची तयारी करणारी आपली मुले तर यात वाईट तऱ्हेने अडकतात. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत दूरची नजर एका डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, आणि तीही चष्म्याविना. मुलगा दोन वर्षे पहाटे उठून धावतो, लेखी काढतो, मैदान काढतो आणि वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतो. घरी शेत नाही, बापाची रोजंदारी, आणि वयाची दोन वर्षे गेली. डोळे पहिल्या दिवशी तपासले असते तर त्याने त्याच मेहनतीने दुसऱ्या परीक्षेची तयारी केली असती. भरतीच्या ॲकॅडम्या फी पहिल्या दिवशी घेतात, डोळे तपासत नाहीत. आपण आपल्या वर्गात तरी तपासू या. भरतीचे निकष दलागणिक आणि पदागणिक वेगळे असतात, म्हणून त्या त्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग आधी वाचायचा, धावण्याचे बूट नंतर घ्यायचे.

आता मैदानावरचे. चष्मा कधी ठेवायचा आणि कधी काढायचा?

एकट्याने करायच्या तालमीत, म्हणजे काता, पायांचा सराव, लाठी फिरवणे, पॅडवर ठोसे, चष्मा काढायचे काहीच कारण नाही. मागून इलॅस्टिकची पट्टी लावावी. विकतची नसेल तर आम्ही पायजम्याची नाडी काड्यांना बांधून वर्षे काढली आहेत. काच मात्र खरी काच नको. काचेची काच फुटली की डोळ्यात तुकडे जातात. आपल्याकडे ज्याला फायबर म्हणतात ती प्लॅस्टिकची काच बरी, आणि धक्का सोसायला पॉलीकार्बोनेटची सगळ्यांत चांगली. दुकानात नाव घेऊन मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

जोडीच्या सरावात, जिथे हात-पाय चेहऱ्याजवळ येतात, तिथे साधा चष्मा नको. या बाबतीत "चष्मा काढ" म्हणणारे बरोबर आहेत. चष्म्याच्या काडीने आणि नाकाच्या आधाराने भुवई फाटते, डोळ्याला इजा होते, आणि मारणाऱ्याचा हातही कापतो. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांतही चष्मा घालून कुमितेला उतरू देत नव्हते, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स खेळाडूच्या जबाबदारीवर चालत. पण नियम स्पर्धेचा आहे. तो तसाच्या तसा गावातल्या सरावाला लावला आणि लेन्स कुठून आणायची हे सांगितलेच नाही, तर तो नियम ज्याला लेन्स परवडते त्याच्याच सोयीचा होतो. त्यापेक्षा सराव बदलावा. चष्म्याविना असलेल्या मुलाला संथ गतीने, ठरवून दिलेल्या हल्ल्यांवर, नंबरानुसार जवळच्या अंतरावरून सराव द्यावा. पकडीचा, सुटकेचा सराव त्याला बाकीच्यांइतकाच येतो, कारण तिथे डोळ्यांपेक्षा हाताला कळते.

लाठीत मात्र आम्ही कुणालाच उघड्या डोळ्यांनी समोरासमोर उभे करत नाही, मग नंबर असो की नसो. काठीचे टोक डोळ्याच्या खोबणीत मावते, मूठ मावत नाही. कामगार वापरतात तो मोठा सुरक्षा गॉगल साध्या चष्म्यावरून बसतो. तो दिसायला वेंधळा आहे. मुलांनी आधी नाके मुरडली, आता त्याच्यावर निळे स्टिकर लावले आहेत.

लेन्सविषयी तरुणांना आकर्षण फार. वापरा, पण आपल्या भागातली परिस्थिती लक्षात घेऊन. लेन्सला नळाचे, विहिरीचे किंवा समुद्राचे पाणी लागता कामा नये. पाण्यातला अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. तालमीनंतर घामेजल्या, मातीच्या हातांनी लेन्स काढायची नाही. लेन्स घालून खाडीत उडी मारायची नाही, हे आमच्या मुलांना आठवड्यातून एकदा तरी सांगावे लागते. रोज फेकायच्या लेन्स त्यातल्या त्यात सुरक्षित, पण महाग. आम्ही त्या फक्त स्पर्धेच्या दिवसापुरत्या घेतो.

मायनस सहाच्या वर नंबर असलेल्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. एवढ्या नंबराचा डोळा लांबट असतो आणि मागचा पडदा ताणलेला असतो. डोक्याला किंवा डोळ्याला जोराचा मार बसला तर पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. अशांनी पडदा तपासून घेतल्याशिवाय डोक्यावर मार बसेल असा सराव करू नये. बाकी सगळे करावे. तपासणीसाठी आमच्याकडून अलिबाग किंवा पनवेल गाठावे लागते, दिवस मोडतो, पण पर्याय नाही. आणि कुणाच्याही बाबतीत, मार बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर सकाळची वाट बघायची नाही. लेसरने नंबर काढू पाहणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगावे की आम्ही मारामारीचा खेळ खेळतो. लॅसिकमध्ये बुबुळावर पापुद्रा कापून परत बसवतात आणि मार बसल्यास तो पुढेही सरकू शकतो. पापुद्रा न कापता करायच्या पद्धती आहेत, त्या विचाराव्यात.

एक आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे. रस्त्यावर हल्ला करणारा तुम्हाला चष्मा सांभाळू देणार नाही. पहिल्या थपडेत तो उडणार. मग चष्म्याविनाच शिकलेले बरे नाही का? आमचे म्हणणे असे की चष्म्याविना लढायला शिकलेच पाहिजे, पण ते वेगळे शिकवावे लागते. चष्मा काढून ठेवल्याने ते आपोआप येत नाही. हालचाल आधी स्पष्ट बघून शिकायची. ती अंगात मुरली की मग मुद्दाम चष्मा काढून सराव. पुढचा हात लांब ठेवून अंतर राखायचे, धूसर मोठी हालचाल ओळखायची, अंतर राखता आले नाही तर मागे सरण्याऐवजी आत शिरून धरायचे, सुटायचे, उजेडाच्या आणि माणसांच्या दिशेने पळायचे. अंध खेळाडूंच्या ज्युदोत दोघांना एकमेकांची पकड देऊनच कुस्ती सुरू करतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमारने दृष्टिहीनांच्या गटात त्या खेळात कांस्यपदक मिळवले. ज्याच्या पोस्टरशिवाय आपल्याकडचा कराटेचा वर्ग पूर्ण होत नाही तो ब्रूस लीसुद्धा जवळचेच दिसणारा होता, चष्मा लावायचा. आणि इप मॅनकडे तो जे विंग चुन शिकला ते जवळून, हाताला हात लावून लढण्याचेच तंत्र आहे. पोस्टरवर चष्मा नसतो एवढेच.

घरच्यांना एक सांगायचे आहे. "अभ्यासाने नंबर लागला, आता खेळ बंद" हा उपाय उलटा आहे. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवलेला वेळ मुलांना नंबर लागण्यापासून काही अंशी वाचवतो, असे संशोधनातून पुढे आले आहे. नंबर वाढू नये म्हणून मुलाला घरात कोंडणाऱ्या पालकांनी निदान संध्याकाळी लवकर, ऊन असताना, त्याला अंगणात सोडावे. चष्मा फुटण्याची त्यांची भीती मात्र खरी आहे. एका चष्म्यात आईची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. म्हणून आमच्या विहाराच्या भिंतीवर आता फळ्यांचे खण केले आहेत, प्रत्येक खणाला नाव, चष्मा डबीत आणि डबी खणात. जमिनीवर, पिशवीत, चपलांजवळ चष्मा ठेवायचा नाही. खण केल्यापासून एकही फुटलेला नाही.

ती आठवीतली मुलगी आता नववीत आहे. काता ती पहिल्या रांगेत करते. कुमितेसाठी तिला नंबरचा, पॉलीकार्बोनेटचा खेळाचा गॉगल हवा आहे, तसाच आणखी पाच जणांना. नंबर प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे एक आणून सगळ्यांनी वापरता येत नाही. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. खाडीपट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीत आम्ही त्यातून सहा गॉगलसाठी अर्ज दिला. तिथे विचारले गेले की लेझीम घ्या, ढोल घ्या, मॅट घ्या, चष्मा हे क्रीडासाहित्य कसे होईल? आम्ही सहा मुलांचे नंबर, दुकानाचे दरपत्रक आणि आजीच्या चाळिशीच्या चष्म्याच्या प्रयोगाचे वर्णन जोडून उत्तर दिले आहे. पुढच्या मासिक सभेत विषय आहे. सभेला दोन चाळिशीचे चष्मे घेऊन जाणार आहोत.